रेडलाइनच्या आसपास: परफॉर्मन्स इंजिन उच्च आरपीएमवर चालवताना काय जपावे

चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या पहिल्या पिढीतील ३७३ सीसी इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली होण्याचा पल्ला, ६० मिलिमीटर आहे. हे इंजिन १०,००० आरपीएमवर (मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी) फिरत असते तेव्हा त्याचा एकुलता एक पिस्टन सेकंदाला १६६ वेळा वर जातो, १६६ वेळा खाली येतो आणि प्रत्येक टोकाला क्षणभर पूर्ण थांबतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर भरतो. हा आकडा ऐकून कोणी दचकणार नाही. इंजिनाची परीक्षा असते ती त्या थांबण्यात. वरच्या टोकाला पिस्टन थोपवून पुन्हा खाली ओढण्यासाठी लागणारे त्वरण, याच मापांवरून गणित मांडले तर, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चार हजार पट येते. पिस्टन, रिंगा आणि गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन) यांचे मिळून वजन २०० ग्रॅम धरले, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला (पिस्टन आणि इंजिनाचा फिरता मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, यांना जोडणाऱ्या दांड्याला) जवळपास ८०० किलोचे ओझे टांगल्यासारखा ताण बसतो. ५,००० आरपीएमला हाच ताण २०० किलोच्या आसपास असतो, कारण आरपीएम दुप्पट झाले की ताण चौपट होतो. काटा ९,००० वरून १०,००० वर गेला तर डोळ्यांना तो एक घर पुढे सरकलेला दिसतो. रॉडच्या वाट्याला मात्र जवळपास एक चतुर्थांश ओझे जास्तीचे आलेले असते.

कंपनीने रेडलाइन, म्हणजे आरपीएमची सुरक्षित कमाल मर्यादा, ठरवताना हा हिशेब केलेलाच असतो. त्यामुळे नीट तापलेले, ऑइलची पातळी बरोबर असलेले आणि वॉल्व्हचे (सिलिंडरच्या झडपांचे) अंतर तपासलेले इंजिन रेडलाइनपर्यंत नेल्याने बिघडते, हा समज मला पटत नाही. उलट, सहाव्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमवर कुंथत चढ चढणारी गाडी मी पाहतो तेव्हा मला त्या इंजिनाची अधिक काळजी वाटते. उच्च आरपीएमवर निकामी झालेली जी इंजिने मी गॅरेजमध्ये खोललेली पाहिली, त्यांतील बहुतेकांची कहाणी तीनपैकी एका कारणाशी येऊन थांबत होती: थंड इंजिन ताणले गेले होते, बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचले नव्हते, किंवा चुकीच्या गिअरमुळे इंजिन रेडलाइनच्या पलीकडे ढकलले गेले होते. पुढील क्रम प्रामुख्याने या तीन गोष्टी टाळण्यासाठी आहे. वरच्या गिअरमध्ये रेडलाइन गाठण्याची जागा सार्वजनिक रस्ता नव्हे, हे गृहीत धरलेले आहे. त्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे आणि कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे.

पहिली पायरी: आपल्या इंजिनाचे आकडे काढणे

गाडीच्या पुस्तिकेतून स्ट्रोक आणि रेडलाइन शोधावी. स्ट्रोक मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला आरपीएमने गुणावे आणि ३०,००० ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग, मीटर प्रतिसेकंदात. रोजच्या वापराच्या गाड्यांच्या मानाने २० हा आकडा चांगलाच चढा आहे आणि २५ च्या आसपास पोहोचणारी इंजिने सुट्या भागांच्या दर्जावर पुष्कळ खर्च करून घडवलेली असतात. १९९९ साली आलेल्या होंडा एस२००० मधील दोन लिटरच्या इंजिनाचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर आणि रेडलाइन ९,००० होती. वेग येतो २५.२. पुढे अमेरिकेतील ग्राहकांसाठी होंडाने स्ट्रोक वाढवून ९०.७ मिलिमीटर केला, तेव्हा रेडलाइन ८,००० वर आणली आणि वेग पुन्हा २४ च्या घरात राहिला. स्ट्रोक वाढला की आरपीएम सोडावे लागतात, हा व्यवहार याहून स्वच्छ क्वचितच पाहायला मिळतो. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध सर्किटवर धावलेली फॉर्म्युला वनची व्ही८ इंजिने १८,००० आरपीएमपर्यंत जात, ती मुख्यतः स्ट्रोक अतिशय आखूड ठेवल्यामुळेच. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा काटा कुठवर जातो, यावरून आपल्या गाडीची मर्यादा ठरवू नये.

ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) मॅप बदलून लिमिटर (आरपीएमला वरची मर्यादा घालणारी व्यवस्था) ५०० आरपीएमने वर नेण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एवढेच विचारावे की कमाल शक्ती कोणत्या आरपीएमला मिळते. पहिल्या ३९० ड्यूकमध्ये ती ९,५०० ला मिळत होती. त्यापुढे इंजिन श्वास घ्यायला कमी पडते आणि शक्तीचा आलेख खाली वळतो. लिमिटर १०,००० वरून १०,५०० वर नेला तर रॉडवरचा ताण दहा टक्क्यांनी वाढतो आणि हाती लागतो तो प्रामुख्याने आवाज. कॅम (वॉल्व्ह उघडणारा फिरता भाग), वॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि इनटेक (हवा आत घेणारा मार्ग) बदललेले नसताना केवळ लिमिटर उचलणे हा मला तरी पूर्ण तोट्याचा सौदा वाटतो.

दुसरी पायरी: ऑइल

क्रँक आणि रॉड यांच्यामध्ये बिग एंडचे (रॉडच्या क्रँककडील मोठ्या टोकाचे) बेअरिंग असते. शेल प्रकारच्या (गोळ्यांऐवजी गुळगुळीत पातळ पत्र्याच्या) बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकतच नाही. मध्ये ऑइलचा केसापेक्षाही पातळ थर असतो आणि तो सगळा भार पेलतो. हा थर तुटला की उच्च आरपीएमवर बेअरिंग काही सेकंदांत तापून पुसले जाते, रॉड सैल होतो आणि पुढचा मुक्काम क्रँककेसला पडलेले भोक हाच असतो. बीएमडब्ल्यूच्या ८,००० आरपीएमच्या ई४६ एम३ गाडीत हा प्रश्न प्रत्यक्ष उद्भवला होता: २००१ ते २००३ या काळातील गाड्यांची रॉड बेअरिंगे कंपनीने मोहीम काढून बदलून दिली आणि ५डब्ल्यू-३० ऐवजी अधिक घट्ट १०डब्ल्यू-६० ऑइल वापरण्यास सांगितले. अनुभवी कंपनीलाही ज्या गोष्टीत फेरविचार करावा लागतो, तिथे पंपावर मिळेल ते ऑइल ओतणे शहाणपणाचे नाही. पुस्तिकेत जो ग्रेड दिला असेल तोच घ्यावा. मोटरसायकलमध्ये हेच ऑइल क्लच आणि गिअरबॉक्समधूनही फिरते, म्हणून डब्यावर जासो एमए२ हा (मोटरसायकल ऑइलच्या जपानी मानकाचा) शिक्का आहे का ते पाहावे. कारसाठीच्या काही ऑइलमधील घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लच प्लेटा घसरवतात.

पातळी पाहण्याची पद्धत किरकोळ वाटते, पण निम्म्या चुका इथेच होतात. इंजिन गरम करून बंद करावे, गाडी सपाट जागी आणि साइड स्टँडवर न ठेवता सरळ उभी धरावी, एक-दोन मिनिटे ऑइल खाली उतरू द्यावे आणि मग इंजिनावरच्या, पातळी दाखवणाऱ्या काचेत पाहावे. ट्रॅकवर जाताना पातळी वरच्या खुणेच्या जवळ, पण तिच्या खाली असावी. 'थोडे जास्त असलेले बरे' हा विचार घातक आहे. एका सर्व्हिस सेंटरमधून आणलेल्या माझ्या गाडीत ऑइल खुणेच्या बरेच वर भरलेले होते; दुसऱ्याच दिवशी एअरबॉक्सच्या नळीतून ऑइल ठिबकू लागले आणि काचेत दुधावरच्या सायीसारखा फेस दिसू लागला. पातळी इतकी वाढली की फिरणारा क्रँक त्या ऑइलला घुसळतो, त्यात हवा मिसळते आणि पंप बेअरिंगला ऑइलऐवजी फेस पाजतो. फेस भार पेलत नाही.

पातळी बरोबर असूनही ऑइल पंपापर्यंत पोहोचत नाही, असेही घडते. लांब वळणावर कारमधील ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) एका भिंतीवर चढते आणि तळाशी असलेले पिकअपचे (ऑइल ओढणाऱ्या नळीचे) तोंड हवा ओढू लागते; म्हणूनच ट्रॅकवरच्या कारना संपमध्ये आडपट्ट्या किंवा पूर्ण ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) बसवावा लागतो. मोटरसायकल वळणात झुकते, त्यामुळे वजन आणि बाहेर फेकणारे बल यांची बेरीज इंजिनाच्या सरळ तळाकडेच जाते आणि ऑइल जागेवर राहते. झुकलेली बाइक पाहून ऑइल एका बाजूला गेले असेल असे वाटते, ते खरे नाही. बाइकला धोका असतो व्हीलीत. पुढचे चाक हवेत ठेवून कोणी काही सेकंद ८,००० आरपीएमवर गाडी चालवत असेल, तर ऑइल संपच्या मागच्या भागात साचून पिकअप कोरडे पडू शकते.

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा हा इशारा म्हणून फार उशिराचा असतो. दाब अगदी खाली गेल्याशिवाय तो लागत नाही आणि १०,००० आरपीएमला लागणाऱ्या दाबाच्या तुलनेत तो आकडा नगण्य असतो. वेगात असताना हा दिवा नुसता लुकलुकला तरी क्लच दाबून किल स्विच बंद करावा आणि गाडी कडेला घ्यावी. 'पिटपर्यंत नेऊ' म्हणणाऱ्याला पुढे नवा क्रँक विकत घ्यावा लागतो.

मल्टिग्रेड ऑइलचा घट्टपणा टिकवणारी लांब रेणूंची द्रव्ये गिअरच्या दात्यांमध्ये चिरडून तुटत जातात. रंगावरून हे कळत नाही. ट्रॅकवर वापरल्या जाणाऱ्या गाडीचे ऑइल मी पुस्तिकेतील अंतराच्या निम्म्यावर बदलतो आणि सोबत फिल्टरही.

तिसरी पायरी: वॉल्व्हचे अंतर

कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणजे १०,००० आरपीएमला प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला ८३ वेळा उघडून मिटतो. उघडण्याचे काम कॅम करतो, मिटण्याचे काम स्प्रिंगवर सोपवलेले असते. मर्यादेपलीकडे स्प्रिंगला ती गती झेपत नाही, वॉल्व्ह कॅमला सोडून तरंगू लागतो आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. या एका अडचणीपायी रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धातूच्या स्प्रिंगांऐवजी दाबाखालची हवा वापरली आणि डुकाटीने वॉल्व्ह मिटवण्यासाठीही कॅमच वापरण्याची पद्धत जोपासली. आपल्या गाडीत साधी स्प्रिंगच आहे, हे लक्षात असू द्यावे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जुन्या गाड्यांची सवय असलेले मेकॅनिक 'टॅपेट वाजत नाहीत, म्हणजे ठीक आहे' असे सांगतात. शिम (अंतर ठरवणाऱ्या बारीक चकत्या) असलेल्या डीओएचसी, म्हणजे हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट असलेल्या, इंजिनात वॉल्व्ह आणि त्याचा सीट (मिटल्यावर वॉल्व्ह टेकतो ती जागा) हळूहळू झिजतात, वॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि कॅमच्या बाजूचे अंतर कमी होत जाते. आवाज वाढत नाही. गाडी अधिकच शांत वाटते. अंतर संपले की वॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो, सीटला टेकून थंड होण्याची संधी त्याला मिळत नाही आणि एक्झॉस्ट वॉल्व्हची कड जळते. म्हणून इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) आणावा, फिलर गेजने (अंतर मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) प्रत्येक वॉल्व्हचे अंतर मोजावे आणि चारही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. एका मोजणीपेक्षा दोन मोजण्यांमधला फरक अधिक सांगून जातो. त्याच वेळी टायमिंग चेनच्या टेन्शनरकडेही नजर टाकावी. एअर फिल्टर, कूलंटची पातळी आणि रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकलेला चिखल यांवर वेगळे सांगण्याची गरज नाही.

चौथी पायरी: गरम करणे

डॅशबोर्डवरचा तापमानाचा पट्टा कूलंटचे तापमान दाखवतो आणि ऑइल त्याच्या मागे कित्येक मिनिटे रेंगाळत असते. डिसेंबरमधल्या पुण्याच्या सकाळी हा फरक विशेष जाणवतो. थंड ऑइल घट्ट असते. पंपाजवळ दाब भरपूर दिसतो, पण अरुंद वाटांमधून पुरेसे ऑइल पुढे सरकत नाही. दुसरीकडे ॲल्युमिनियमचा पिस्टन झपाट्याने तापून फुगतो आणि भोवतीचा सिलिंडर अजून गार असतो. अशा वेळी थ्रॉटल पूर्ण पिळला तर पिस्टन सिलिंडरला घासतो आणि त्याच्या अंगावर उभे ओरखडे पडतात. क्वचित इंजिन जागीच सीझ होते.

इंजिन सुरू करून जागेवर दहा मिनिटे सोडून देणे हाही उपाय नव्हे, कारण बिनभाराचे इंजिन फार सावकाश तापते आणि तोवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढत राहते. अर्धा-एक मिनिट आयडल करून निघावे, पहिली काही मिनिटे ४,००० ते ५,००० आरपीएमच्या आत हलक्या थ्रॉटलने चालवावे, कूलंटचा पट्टा नेहमीच्या जागी आल्यावर आणखी पाच मिनिटे धीर धरावा आणि मगच टप्प्याटप्प्याने वर जावे. उभ्या गाडीला रेस करून गरम करण्याची पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. त्यात रेडिएटरला वारा मिळत नाही आणि भार नसल्याने काटा इतक्या वेगाने उडतो की हात त्याच्यामागे पडतो.

पाचवी पायरी: चालवताना

लिमिटर इग्निशन किंवा पेट्रोल तोडून इंजिनाला आणखी वर चढू देत नाही. त्याच्यावर गाडी धरून ठेवू नये. प्रत्येक तोडीला चेन, क्लच आणि गिअर यांना हिसका बसतो, आणि इग्निशन तोडणारा लिमिटर असेल तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. रेडलाइनच्या ३००-५०० आरपीएम आधी गिअर टाकण्याची सवय लावली, तर लिमिटरशी गाठच पडत नाही.

लिमिटर काय करू शकत नाही, हे समजणे अधिक महत्त्वाचे आहे. चाकाकडून उलट येणारी गती त्याला रोखता येत नाही. वेगात असताना खालचा गिअर पडला आणि क्लच सुटला, की मागचे चाकच इंजिनाला फिरवू लागते. मग पेट्रोल तोडा वा इग्निशन, आरपीएम वाढायचे ते वाढतातच. त्यातच थ्रॉटल बंद असतो, सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण झालेली असते आणि ती पिस्टनला वर ओढत रॉडवरच्या ताणात भर घालते.

याचा हिशेब घरी बसून करता येतो. मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये बरोबर ५,००० आरपीएमला वेग किती आहे ते नोंदवावे. त्याची दुप्पट म्हणजे त्या गिअरमध्ये १०,००० आरपीएमचा वेग. समजा, दुसऱ्या गिअरमध्ये ५,००० ला वेग ४० आला. तर दुसऱ्या गिअरची शेवटची हद्द ताशी ८० किलोमीटर. आता ताशी १२० वर ब्रेक लावण्याच्या घाईत चौथ्यावरून तिसऱ्याऐवजी थेट दुसरा पडला, तर इंजिनाकडे १५,००० आरपीएमची मागणी जाते आणि रॉडवरचा ताण रेडलाइनच्या सव्वादोनपट होतो. हे तीन-चार आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून टाकीवर चिकटवावेत. आधी ब्रेक, वेग हद्दीखाली आला की मग गिअर, आणि एका वेळी एकच, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत ती पट्टी काढू नये. स्लिपर क्लच उलटा जोर काही प्रमाणात घसरवून टाकतो आणि चूक झाकतोही, परंतु त्याच्या भरवशावर दोन-दोन गिअर आपटत खाली यावे, असे त्याचे काम नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या अजूनही हौसेने जपणाऱ्यांनी याच बाबतीत आणखी जागरूक असावे. घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि गाडी गिअरमध्ये असली, तर इंजिन जोरात फिरते. पेट्रोल जवळजवळ येत नाही, म्हणून ऑइलही येत नाही. उतारावर मधूनमधून थ्रॉटल किंचित उघडण्याची जुन्या लोकांची सवय याचसाठी होती.

कान उघडे ठेवावेत. वॉल्व्हच्या बाजूचा आवाज हलका, टिकटिक करणारा आणि क्रँकच्या निम्म्या गतीचा असतो. बिग एंड सैल झाल्याचा आवाज जड आणि खोलातून येणारा असतो. थ्रॉटल सोडताना किंवा पुन्हा धरताना तो बदलतो. तो ऐकू आला की इंजिन तिथेच बंद करावे.

सहावी पायरी: गाडी परत आल्यावर

शेवटची फेरी सौम्य थ्रॉटलने मारावी. टर्बो असलेल्या कारमध्ये हे टाळलेच तर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतो. त्यानंतर ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकून देऊ नये. कागदाचा भाग कात्रीने कापावा, घड्या उलगडून वर्तमानपत्रावर पसराव्यात, ऑइल निथळू द्यावे आणि उन्हात तिरक्या कोनातून पाहावे. बारीक काळपट गाळ हा क्लच प्लेटांचा असतो, त्याची चिंता नको. चमकणाऱ्या कणांवरून चुंबक फिरवावे. चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे बहुधा गिअर किंवा चेनकडचे असतात. न चिकटणाऱ्या रुपेरी पापड्या पिस्टनच्या किंवा बेअरिंगच्या, तर तांबूस झाक असलेल्या पापड्या बेअरिंगच्या आतल्या थरापर्यंत झीज गेल्याचे सांगतात. नखाएवढी एक पापडी सापडली तरी इंजिन खोलावे.

आणि चुकून ओव्हर-रेव्ह झालेच, म्हणजे इंजिन रेडलाइनच्या पलीकडे फिरलेच, तर 'सुरू होते का पाहू' हा मोह आवरावा. माझ्याकडून एकदा ट्रॅकवर असाच दुसरा गिअर पडला होता. मागचे चाक दोनदा उडाले, मी क्लच धरला आणि इंजिन बंद केले. गाडी चालत होती, आवाजही नेहमीचाच होता, तरी ती टेम्पोत घालून आणली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर अंतरे मोजली आणि वहीतील जुन्या आकड्यांशी ताडून पाहिली. झिजेने अंतर कमी होते. वॉल्व्ह वाकला तर तो सीटवर पूर्ण बसत नाही, सिलिंडरकडे लोंबकळत राहतो आणि अंतर वाढते. चारपैकी तीन आकडे जसेच्या तसे होते. एका इनटेक वॉल्व्हवर मात्र नेहमीची पट्टी घालून वर आणखी एक सहज सरकत होती. कॉम्प्रेशन थोडेच कमी भरले आणि प्लगच्या भोकातून घातलेल्या कॅमेऱ्यात पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी एक फिकट खूण दिसली. हेड उतरवून वॉल्व्ह बदलला, सीट घासून बसवला, गाइड तपासली. तसेच चालवत राहिलो असतो, तर त्या वॉल्व्हचे डोके कोणत्या तरी आरपीएमला दांड्यापासून तुटून पिस्टनवर पडले असते.

अशा प्रसंगानंतर मोजणी नेहमीप्रमाणे आली तरी रॉडच्या बोल्टांकडे पाहावे. एकदा ताणून लांबलेला बोल्ट बाहेरून ओळखू येत नाही; इंजिन खोललेच असेल, तर रॉडचे बोल्ट नवे घालावेत आणि टॉर्क रेंचने पुस्तिकेतील मापाइतकेच आवळावेत.